शेजारची सीट

मृणालिनीचं पत्र आलं त्याला आता सहा वर्षं होतील. आमच्या वयात बायकोने नवऱ्याला पत्र पाठवलं म्हटलं की लोक भलतंच काही समजतात, म्हणून आधीच सांगतो, आमचं भांडण झालेलं नव्हतं. तिच्या भावाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती काही आठवडे माहेरी, कणकवलीजवळच्या गावी राहिली होती आणि मी सांगलीत होतो. रोज फोन होत होता. तरी तिने पत्र लिहिलं. भाऊ काठी घेऊन पडवीपर्यंत चालतो, फणस यंदा उशिरा धरलेत, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक प्रश्न होता.

"पुढच्या वेळी गाडीत माझ्या शेजारी बसाल का? हो की नाही, एवढंच कळवा. फोनवर नको. फोनवर तुम्ही विषय बदलता."

खाली सही होती, 'इंदू'.

मी उत्तर दिलं नाही. ती परत आली. पत्राचा विषय तिनेही काढला नाही. आणि तेव्हापासून ती गाडी चालवते आणि मी मागे बसतो, हातात पुस्तक घेऊन. तिच्या शेजारच्या सीटवर तिची पर्स असते आणि पाण्याची बाटली.

गाडी आमच्या मुलाने, सुहृदने, बंगळूरहून हट्टाने घेऊन दिली होती. "बाबा, रिक्षासाठी उन्हात उभं राहणं आता बंद," असं म्हणाला आणि परत गेला. चालवणार कोण, हा विचार त्याने केला नव्हता. मी आयुष्यभर कॉलेजचा ग्रंथपाल. स्कूटरसुद्धा मला कधी जमली नाही. गाडी दारात उभी राहिली आणि आठवडाभर मी तिच्यावरची धूळ पुसत होतो.

"मी शिकते," मृणालिनी म्हणाली.

"तू?"

"मग काय? तुळशीवृंदावनासारखी दारात ठेवायची आहे का?"

तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. मी हसलो नाही, पण हसू आलं होतं. मग माझ्या परीने मी तयारीला लागलो. गाडीबरोबर आलेलं जाड माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. क्लच नसलेली गाडी होती ती. एक गोल बटण होतं, ते फिरवलं की गाडीचा स्वभाव बदलायचा. इको, नॉर्मल, स्पोर्ट. इकोवर पेट्रोल कमी लागतं पण गाडी आळसावल्यासारखी उठते. स्पोर्टवर पाय टेकवला की उसळते. शिवाय गिअरच्या दांडीवर 'डी'च्या खाली 'एल' होतं. घाट उतरताना दांडी तिथे ओढली की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. मला हे वाचताना फार आनंद झाला. एकच गाडी, पण रस्ता पाहून तिचा स्वभाव आपण निवडायचा.

निवृत्त होताना पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांची एक चळत माझ्याबरोबर घरी आली होती. त्यांवर मी बारीक अक्षरात लिहिलं, 'काटकसर', 'नेहमीचा', 'चपळ', आणि दांडीसाठी 'उतार'. डिंकाने नीट चिकटवल्या. मग रोज संध्याकाळी चहा घेताना मी तिची तोंडी परीक्षा घ्यायचो.

"गावात, गर्दीत?"

"नेहमीचा."

"महामार्गावर ट्रकच्या पुढे जायचंय?"

"चपळ."

"घाट उतरताना?"

"उतार. अहो, पण गाडी सुरू कशी करायची?"

"ते पुढच्या प्रकरणात आहे."

असं आमचं शिक्षण चाललं होतं, आणि ते तसंच चाललं असतं तर मी सुखी राहिलो असतो असं मला वाटतं.

मग सदानंद वालावलकर आला.

तो तिच्या माहेरच्या शेजारचा. जहाजावर इंजिनियर होता, बायको वारल्यावर मिरजेला डॉक्टर लेकीकडे राहायला आला होता. एका सकाळी फाटकाबाहेरूनच आवाज आला, "इंदू आसा काय गो घरात?"

मला क्षणभर कळलंच नाही की कुणाला हाक मारतोय. मृणालिनी माहेरची इंदुमती. लग्नात ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. किती दिवस वाचून, शोधून, घोळवून ठरवलेलं नाव. 'मृ' काढताना थोडे तांदूळ ताटाबाहेर सांडले, ते आठवतं. त्यानंतर माझ्या घरात तिला कुणी इंदू म्हटलं नव्हतं.

"रे सदू! तू खंयसून उगवलंस?" ती ओट्यावरून धावत बाहेर गेली.

तिची मालवणी मी तिच्या माहेरीच ऐकली होती, तीही भिंतीपलीकडून. माझ्याशी ती पुस्तकी बोलायची, कारण मी पुस्तकी बोलायचो. आता ती भाषा माझ्या दिवाणखान्यात, माझ्या कपाटांसमोर मोठमोठ्याने चालली होती आणि मी चहाचे कप आणत होतो.

"भावोजी, गाडी झक्कास आसा," सदानंद मला म्हणाला. मग चिठ्ठ्या वाचून हसला. "काटकसर! अहो, हे तर आमच्या चीफ इंजिनियरचं नाव होतं." तो खरंच कौतुकाने हसला असेल. मला ते तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून विश्रामबागेच्या पुढच्या मोकळ्या मैदानावर सकाळी शिकवणी सुरू झाली. मीही जायचो. कडेला निंबाखाली बसायचो, मांडीवर माहितीपुस्तक घेऊन. गाडी लांबून गोल फिरताना दिसायची. काचेमागे दोन डोकी. कधी गाडी आचके देत थांबायची आणि दोघं खिदळल्याचं ऐकू यायचं. माझ्या परीक्षेत ती कधी हसली नव्हती. किंवा हसली असेल, मी पान पाहत असेन.

"आज काय शिकलीस?" मी विचारायचो.

"सदू म्हणतो, पुस्तक विसर. पायाला काय कळतंय ते ऐक."

"पायाला कळत नाही मृणालिनी, पायाला सांगावं लागतं."

"बरं," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायाचं ऐकायची.

मला हळूहळू त्या माणसाचं सगळंच खुपायला लागलं. त्याची केसाळ मनगटं, त्याने आमच्या फाटकाची कडी न विचारता काढणं, त्याचं तिला 'गो' म्हणणं. रात्री मी स्वतःला समजावायचो, की पासष्टी ओलांडलेल्या माणसाने असं मनात आणणं हास्यास्पद आहे. समजावणं संपलं की पुन्हा तेच मनात यायचं. तिला मी आयुष्यात काय दिलं, तर एक नाव, आणि तेही तिने मागितलेलं नव्हतं. असलं काहीतरी.

तिला परवाना मिळाला आणि थोड्याच दिवसांत भावाच्या ऑपरेशनचा फोन आला. "मी गाडीने जाते," ती म्हणाली. "फोंडा घाटाने." सदानंदलाही गावातल्या घराची कौलं पाहायची होती. तोही निघाला. मला कुणी या म्हटलं नाही, मीच पिशवी भरली.

सकाळी फाटकापाशी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. सदानंदने पुढचं दार उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भावोजी, तुम्ही बसा पुढे. घाटात बघायला मजा येता."

मृणालिनी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"नको, नको," मी म्हणालो. "तुम्हीच बसा. ती तुमची विद्यार्थिनी. मी मागे वाचत बसेन."

हे वाक्य मी इतक्या सभ्यपणे उच्चारलं की त्यातलं विष फक्त तिलाच कळलं असावं. तिने आरसा नीट केला.

राधानगरीपर्यंत सगळं ठीक होतं. दाजीपूरचं जंगल संपलं, घाट सुरू झाला. उन्हाळ्याची सकाळ होती, खाली कोकण धुरकट दिसत होतं. मी पुस्तक उघडलेलं होतं पण पान उलटत नव्हतो. दोन-तीन वळणं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती सारखा ब्रेक दाबतेय. गोल बटण काटकसरीवर, दांडी 'डी'वर. गाडी स्वतःहून पुढे ओढली जात होती आणि ती तिला पायाने थोपवत होती. मग वास आला. जळक्या रबरासारखा, इस्त्री विसरल्यासारखा.

"इंदू, स्पोर्टला टाक," सदानंद म्हणाला. "इंजिन धरील गाडीला."

"मृणालिनी," मी मागून म्हणालो, "दांडी खाली. उतार. चिठ्ठी बघ."

"भावोजी, स्पोर्टवर गिअर खालचाच राहतो. त्याच्याने होतं."

"पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, घाटात एल. स्पोर्ट वेगासाठी आहे."

"पुस्तक लिहिणारा फोंडा घाट उतरलाय काय?"

"आणि जहाजाला घाट लागतो का?"

समोरून एसटी वर येत होती. मृणालिनीने गाडी डावीकडे घेतली, पुन्हा ब्रेक. वास वाढला. तिच्या मानेवर घाम होता. "घाबरतंस कित्याक?" म्हणत सदानंदने हात पुढे केला आणि स्वतःच ते बटण फिरवायला गेला. त्याच वेळी तिचाही हात बटणावर गेला. त्याचा हात तिच्या हातावर पडला.

"हात काढा!" मी ओरडलो.

आयुष्यात मी असा ओरडलो नव्हतो. ग्रंथालयात तर बोटाने शांत करायचो.

तिने गाडी एका रुंद जागी कठड्याला लागून उभी केली. इंजिन बंद केलं. पुढे पाहतच म्हणाली, "उतरा."

"इंदू, अगो..."

"दोघंही. खाली उतरा."

आम्ही उतरलो. तीही उतरली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, ब्रेक निवेपर्यंत चाकांपाशी पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "खालच्या वळणावर देऊळ आहे, तिथे गाडी वळवायला जागा आहे. मी लहान असताना आमची एसटी तिथे नारळ वाहायला थांबायची. मी एकटी तिथपर्यंत जाते आणि परत येते. एकदा ह्याचं ऐकून, एकदा तुमचं ऐकून. तोवर दोघांनी इथून हलायचं नाही."

"एकटी कशी जाशील?" मी म्हणालो.

"दोघं बसलेले असताना कशी आले, ते पाहिलंत ना?"

गाडी वळणाआड गेली. झाडांतून अधूनमधून तिचं पांढरं छत दिसायचं, मग तेही दिसेना. मी आणि सदानंद कठड्यावर शेजारी शेजारी बसलो. दोन माकडं समोर बसून आमच्याकडे बघत होती.

"सोप्पा नाही हां," सदानंद म्हणाला. "तुमची बायको म्हणजे."

मी कठड्यावरचा एक खडा उचलून दरीत टाकला.

"भावोजी, एक विचारू? तुम्ही तिला घरी सांगायचा काय, माझं ऐकू नको म्हणून?"

"मी? नाही."

"मग कमाल आहे. मैदानावर एक गोष्ट माझी ऐकली नाही तिने. मी सांगायचो उजवीकडे, ती डावीकडे. मी म्हणायचो हळू, ती जोरात. मग आपल्या आपणच हसायची. मला वाटलं, घरी भावोजी शिकवतात, म्हणून माझी किंमत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उन्हाने लाल झालं होतं आणि तो मनापासून खट्टू दिसत होता. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो मी कित्येक रात्री मनात जुळवला होता. इतका घोळवला होता की तोंडातून येताना तो अगदीच छोटा निघाला.

"तुम्हाला ती आवडायची का?"

"कोण, इंदू?" तो इतका हसला की माकडं पळाली. "अहो, तिने मला झावळीने झोडपलंय! आमच्या आवाठातल्या, अख्ख्या वाडीतल्या, सगळ्या पोरांना झोडपलंय. रक्षाबंधनाला ओवाळणी कमी पडली म्हणून माझी चड्डी माडावर टाकलेली. कुणी ती चड्डी खाली काढीपर्यंत मी विहिरीत उभा."

मीही हसलो. काय करणार? माझ्या छातीवरचा दगड आता उतरणार, असं वाटलं. मी चक्क वाट पाहिली, उतरण्याची.

गाडी वर येताना दिसली. चढावर ती दमदार येत होती, वळणाला थोडी थबकली, पुन्हा निघाली. पुढची काच उन्हात चमकत होती, मग सावलीत आली आणि मला तिचा चेहरा दिसला. ती गात होती की बोलत होती, कळलं नाही. ओठ हलत होते. डोकं किंचित मागे टेकलेलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तो चेहरा मी पाहिलेला नव्हता. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. समोरून गेली, वर वळली आणि पुन्हा खाली निघून गेली, दुसऱ्या प्रयोगासाठी.

सदानंद माझ्या शेजारी होता, कठड्यावर. गाडीत तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

आणि माझ्या मनातली ती जळजळ तसूभरही कमी झाली नव्हती. उलट आता ती अगदी नेमकी लागत होती.

ती परत आली तेव्हा मी उभा होतो. तिने काच खाली केली. "सदू, तुझंही चालतं, पण वळणावर गाडी उगाच गुरगुरते. ह्यांचं उतारावर बरं. पण दांडी उतारावर ठेवून बसायचं नाही, सपाटी आली की परत वर घ्यायचं. हे तुमच्या पुस्तकात आहे का?"

"आहे," मी म्हणालो. खरं तर मला आठवत नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत? बसा."

सदानंद मागे बसला. त्याने मागचं दार उघडून स्वतःला आत कोंबलं, आणि पुढचं दार माझ्यासाठी उघडं राहिलं. मृणालिनीने शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलून मांडीत घेतली.

"माझं पुस्तक मागे आहे," मी म्हणालो.

"मग?"

"वाचतोय मी. मधेच थांबवत नाही."

मी मागे जाऊन सदानंदच्या शेजारी बसलो. त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. पुढची सीट रिकामी ठेवून आम्ही दोघं म्हातारे मागे दाटीवाटीने बसून फोंडा घाट उतरलो. मृणालिनीने बाटली पुन्हा सीटवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या मीटिंगचं कारण सांगून एसटीने परत आलो. आठवड्याने पत्र आलं.

या सहा वर्षांत तिने मला औषधाला नेलं, लग्नांना नेलं, चुलतभावाच्या दहाव्याला नदीवर नेलं. पेट्रोल भरताना तिथल्या बाईने एकदा विचारलं, "आजोबा, मॅडम तुमच्या ड्रायव्हर का?" मृणालिनी हसली. "पगार बरा देत नाहीत, पण सोडत नाही मी." मी पुस्तक वर धरलं. सदानंद आता गावीच असतो. फोनवर मला नेहमी विचारतो, "भावोजी, गिअर कुठचा?"

मी पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचलं असेल असं वाटेल कुणाला. तसं नाही. मला ते पाठ होतं. उत्तर लिहायला बसायचो आणि पहिला शब्द अडायचा. 'हो' लिहावं तर मला त्या सीटवर बसायची भीती वाटायची, आणि ती घाटाची नव्हती. तिथून तिचा तो चेहरा जवळून दिसला असता. तो माझ्यामुळे नाही, हे रोज दिसलं असतं. मागून निदान मानच दिसते.

परवा ती गाडी पुसत होती. आत आली, हातात एक चिठोरं. "अहो, बाकीच्या केव्हाच निघाल्या. ही एक राहिली होती, तीही आज निघाली. नवी लिहून द्या."

'उतार'. शाई जवळजवळ गेलेली, कडा काळ्या. सहा वर्षं तिचा तळवा त्यावर फिरलेला.

"आता तुला कशाला लागते चिठ्ठी?"

"लागत नाही," ती म्हणाली. "पण हात तिथे गेला की अक्षर लागतं हाताला. रविवारी गावी जायचंय. तोपर्यंत द्या."

ती परत बाहेर गेली. मी कपाटातून चळत काढली. तीन-चार कोऱ्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. एकीवर 'उतार' लिहिलं. 'र' जरा वाकडा आला. मग तसाच बसून राहिलो आणि पाकीट शोधलं.

पत्र असं लिहिलं: "प्रिय इंदू, हो. रविवारी पर्स मागे ठेव."

आणखी काही लिहावं की काय, असा विचार करत दुपार गेली. काही सुचलं नाही. पाकिटावर आमच्याच घराचा पत्ता घातला. नावाच्या जागी 'सौ. इंदुमती सबनीस' लिहिलं आणि घाबरलो. फाटकावरच्या पाटीवर मृणालिनी आहे. पोस्टमन नवा आहे. इंदुमती कोण, म्हणून परत नेलं तर? कंसात दुसरं नाव घालावं का? पेन टेकवलं आणि उचललं.

आज सकाळी दूध आणायला म्हणून निघालो. पोस्टापुढच्या लाल पेटीपाशी एक रिक्षावाला उभा होता, तो जाईपर्यंत थांबलो. आज गुरुवार. चार गल्ल्यांवर जायला पत्राला दोन दिवस लागतील, कदाचित तीन. रविवारच्या आत पोचेल ना, हे खिडकीवर विचारून यावंसं वाटलं. विचारलं असतं तर पाकीट खिशातच राहिलं असतं, स्वतःला मी तेवढं ओळखतो.

हात फटीत घातला, जाईल तितका, आणि पाकीट सोडलं.